भिंतीपलीकडचा एअर फ्रायर

"काय वं, त्या कोपऱ्यावरच्या घरी काल मोठं खोकं उतरलं म्हणे?"

काकूंनी भिंतीवर कोपर टेकलं की समजावं, त्यांची भाजी फोडणीला पडली आहे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम काकांकडे गेलं आहे. अकोल्यातल्या आमच्या गल्लीत दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढीच. बातमीला ती ओलांडायला काही वेळ लागत नाही.

"एअर फ्रायर आलाय, काकू. सूनबाईंनी मागवला."

"हवेत भजे तळते म्हणे ते! बापा! हवेत भजे तळले जात असते, त आपल्या अकोल्यात मे महिन्यात गच्चीवरच नसते का तळले आपण?"

काकू थट्टेत बोलल्या, पण त्या यंत्राची अर्धी विद्या त्यांनी एका वाक्यात सांगून टाकली होती. मी तसं म्हटल्यावर त्यांनी पदर नीट खोचला. याचा अर्थ, बोल आता, ऐकून घेते.

"बघा काकू, मे महिन्यात पारा ४५ वर जातो. वारा पडलेला असताना ओसरीत बसलं तर नुसतं गदगदतं. पण त्याच उन्हात काकांच्या स्कूटरवर मागे बसून बाजारात निघालात, तर?"

"तोंड भाजते. म्हणून त दुपट्टा बांधा लागते ना!"

"पारा तोच, हवा तीच, मग चटका जास्त का? कारण अंगाला हवेचा एक पातळ थर चिकटून असतो. हवा उष्णता पोचवण्यात मुळातच आळशी, त्यामुळे तो थर बाहेरची धग लगेच आत येऊ देत नाही. वारा सुटला की तो थर सारखा पुसला जातो आणि तापलेली हवा थेट कातडीला भिडते. त्या खोक्यात हेच चालतं. फक्त ४५ अंशांच्या जागी १८० अंश."

"अगं माय!"

"वरच्या बाजूला तापणारी कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा, खाली जाळीचा डबा. पंखा गरम हवा जोरात फिरवतो. ती पदार्थाला वळसा घालते, जाळीतून खाली जाते, तळाला आपटून कडेनं पुन्हा वर, पुन्हा कॉइलवर. डबा लहान असल्यानं तीनेक मिनिटांत तापतो. लावलेल्या अंशापर्यंत पोचला की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, जरा उतरला की पुन्हा चालू करतो."

"म्हणजे भट्टीच झाली की वं ती. त्याच्यात नवीन काय?"

काकूंना फसवणं कठीण. नवीन तसं फारसं काही नाहीच. पंख्याची भट्टी अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी १९४५ च्या सुमारास बनवली होती, विमानात गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी. नाव ठेवलं होतं 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ. आपल्या बेकऱ्यांमधल्या मोठ्या कन्व्हेक्शन ओव्हनचं तत्त्वही तेच. पुढे फ्रेड व्हान डेर वेय या डच संशोधकानं तेलाच्या कढईशिवाय बटाट्याचे काप कुरकुरीत करण्याच्या नादात लहान डब्यात जोरदार वारा कोंडला, आणि फिलिप्स कंपनीनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र जगापुढे मांडलं. आता तर मिक्सर करणारी प्रत्येक कंपनी ते करते. तीन-चार हजारांपासून मिळतं, वर म्हणाल तितकं.

"बटाट्यापायी एवढा खटाटोप?" काकू म्हणाल्या. "बरं, मग तेलाचं काम काय होतं आतापर्यंत? आपण काय उगाच पिपे रिचवून राहिलो?"

"उगाच नाही. तेल उष्णता पोचवण्यात हवेच्या कितीतरी पुढे. कढईत १७० ते १८० अंशांचं तेल पदार्थाच्या प्रत्येक खाचेत शिरतं, सगळीकडून एकदम धग देतं. पिठातलं पाणी उकळून बुडबुडे होऊन बाहेर पडतं, वरचं कवच कोरडं होतं आणि रंग धरतं. म्हणून कढईत चार मिनिटांत होणाऱ्या वडीला त्या डब्यात पंधरा मिनिटं लागतात."

"आणि तेल आत कधी शिरते? बुडबुडे सुटत असताना त शिरत नसन."

"बरोबर. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर ती तेलाला आत येऊ देत नाही. तेल खरं शोषलं जातं पदार्थ बाहेर काढल्यावर. तो निवायला लागला की आतली वाफ विरते, पोकळी होते आणि वरचं तेल आत ओढलं जातं."

"म्हणूनच माझी सासू पुरी झाऱ्यावर धरून कढईच्या काठावर आपटत जाय! मले वाटे, राग काढते माझ्यावरचा."

"रागही असेल थोडा, पण शास्त्र पक्कं होतं. गरम असतानाच निथळलं पाहिजे."

इथे काकूंनी आवाज खाली आणला. गल्लीत या आवाजाला फार मान आहे.

"बरं, खरी गोष्ट सांगू का तुले? काल संध्याकाळी त्या पोरीनं पहिल्यांदा त्याच्यात भजेच टाकले. कांद्याचे. पाऊस आला होता ना. तिची सासू दारात पाट टाकून पाहातच होती."

"आणि?"

"आणि काय! बेसन जाळीतून खाली, कांदा जाळीवर. वरून काया पडला, खालून कच्चा. सासूबाई देवळात सांगून राहिल्या सगळ्यांना, आमच्या सुनेनं पाच हजाराची चाळणी आणली म्हणून!"

हसलो आम्ही. हसणं संपल्यावर मात्र मी सूनबाईंची बाजू घेतली, कारण चूक त्यांच्या हाताची नव्हती, पदार्थाच्या निवडीची होती. पातळ पीठ तापलेल्या तेलात पडताक्षणी आवळतं, म्हणून भज्याला आकार येतो. हवेत त्याला आवळायला मिनिटं लागतात आणि तोवर ते ओघळून मोकळं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं थेंब उडतात ते वेगळेच. बटाटेवडा, मिरचीभजी, मूगवडे, बोंडा, या सगळ्यांचं हेच. काही जण कागद पसरून त्यावर पीठ घालतात. होतं काहीतरी, पण ते भजं नसतं, धिरड्याच्या वळणावर गेलेली टिक्की असते. पुरीचंही तसंच. पुरी टम्म फुगते ती काही क्षणांत आत वाफ कोंडल्यामुळे; हवेत ती सावकाश वाळते आणि तिचा कडक पापड होतो.

"आणि कुरड्या? माझ्या दोन डबे भरून आहेत."

"त्यांना तेलच हवं. वाळलेल्या कुरडईत जो थोडासा ओलावा उरलेला असतो, त्याची एका झटक्यात वाफ झाली तरच ती फुलते. डब्यातली हवा तेवढी घाई करत नाही. ओलावा हळूच निघून जातो आणि कुरडई अर्धी फुललेली, अर्धी काचेसारखी राहते. पापड मात्र भाजून निघतो, पण तो इतका हलका की वाऱ्यानं उडून थेट कॉइलला चिकटायचा. वरून जाळी ठेवावी लागते."

"मंग काय कामाचं ते? कुरडई नाई, भजे नाई, पुरी नाई!" काकू भिंतीवरून उठायच्या बेतात.

"काकू, तुम्हीच म्हणालात ना, भट्टी आहे म्हणून? मग भट्टीतलं काम सांगा तिला. रोडगे सांगा."

काकू परत टेकल्या. वऱ्हाडात रोडग्यांचं नाव काढलं की माणूस दोन मिनिटं जास्त थांबतो. जाडसर दळलेल्या कणकेला तेलाचं मोहन, थरावर थर देऊन वळलेला गोळा, गोवऱ्यांच्या आरात पुरलेला. मग राख झटकून फोडायचा, तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतातल्या देवाच्या स्वयंपाकाला हे सगळं अंगणात मांडता येतं, पण मंगळवारी रात्री दोन माणसांसाठी गोवऱ्या कोण पेटवणार? फ्लॅटमध्ये तर प्रश्नच नाही.

"लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे करा. आधी १६० अंशांवर पंधरा मिनिटं, म्हणजे पोट शिजतं. मग उलटून १९० वर आठ-दहा मिनिटं, म्हणजे वरून तडकतात. प्रत्येकाचा डबा वेगळा, तेव्हा पहिल्या वेळी एक गोळा फोडून बघा, मग बाकीचे काढा."

"धुराचा वास?"

"तो नाही येणार, काकू. तिथं खोटं बोलण्यात अर्थ नाही. वांग्याच्या भरताचंही तेच. वांग्याला टोचे मारून, तेलाचं बोट फिरवून २०० वर वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं की ते आतून लोण्यासारखं मऊ होतं, साल अलगद निघते, ओटा काळा होत नाही. पण पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास जाळामुळे येतो, आणि या डब्यात जाळ नाहीच."

"अन् सांबारवडी?"

"ती तर त्या डब्यासाठीच जन्मलीय."

आणि खरंच तसं आहे. सांबारवडीत ओलं पीठ कुठेच नाही. बेसन-कणकेची पारी, आत कोथिंबीर, खसखस, तीळ, सुकं खोबरं, आलं-लसूण. पारीत मोहन नेहमीपेक्षा जरा सढळ घालायचं, कारण बाहेरून तेल मिळणार नाही. वडीला वरून ब्रशनं तेल लावायचं, डब्यात एकमेकींना न चिकटवता मांडायची, १८० वर साधारण पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटायची. अळूवडी, कोथिंबीरवडी याही आधी वाफवलेल्या असतात, त्यांना फक्त वरून कुरकुरीत व्हायचं असतं. दहा-बारा मिनिटांत होतात. करंजीला वरून तूप लावलं तर ती बेकरीच्या खारीकडे झुकते, पण छान लागते. शंकरपाळे १६० वर मस्त. शेंगदाणे १६० वर दहा मिनिटं, मधे हलवून. कढईजवळ उभं राहून हात दुखवायला नको. मखाणे त्याहून लवकर. चकली होते, पण तळलेलीच्या मानानं कोरडी आणि टणक. दिवाळीच्या डब्यात ती कढईचीच असावी.

"तेल लावाच लागते म्हणजे?" काकूंनी पकडलं. "जाहिरातीत त थेंब नाई म्हणतात."

"लावायचं. चमचाभर. त्यानं धग सगळीकडे सारखी बसते आणि रंग येतो. शिवाय वरचा भाग कोरडा पाहिजे. पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला १४० च्या आसपास तरी जावं लागतं. लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ही साखर आणि अमिनो आम्लांची प्रक्रिया सांगितली. भाकरीचे डाग, भाजलेला कांदा, चिवड्याचा वास, सगळी तिचीच करणी. तेव्हा बटाट्याचे काप धुतले की पुसून घ्यायचे. ओले टाकले तर उकडल्यासारखे होतात."

एवढ्यात आतून तिसरी शिट्टी झाली आणि पाठोपाठ काका बाहेर आले. काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं मत आधी ऐकावं लागतं, मग ती वस्तू.

"बेटा, किती वॅटचा आहे तो?"

"पंधराशे, काका."

"पंधराशेला दोनशे तीसनं भाग. साडेसहा अँपिअर. आणि आपला लहान पॉइंट सहाचा. सांगून ठेव तिला, पॉवर पॉइंटलाच लाव म्हणा. एक्स्टेन्शन बोर्डवर मिक्सर, इंडक्शन आणि हा, असं तिन्ही लावलं तर वायर तापून वास येईल, आणि मग सगळी गल्ली माझ्याकडे धावत येईल."

"बिल किती येते ते सांगा ना," काकू म्हणाल्या.

"पंधराशे वॅट, वीस मिनिटं, म्हणजे जास्तीत जास्त अर्धा युनिट. त्याहून कमीच, कारण तापल्यावर कॉइल सारखी चालू राहत नाही. आपल्या जुन्या ओव्हनला नुसतं तापायलाच पंधरा मिनिटं लागायची. आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा ठेवा. मागून गरम वाफ बाहेर पडते. भिंतीला चिकटवून ठेवला तर वाफ कोंडते, यंत्र तापतं, रंगही पिवळा पडतो."

विजेचं संपल्यावर काका तब्येतीकडे वळले, कारण त्यांच्या तळणावर डॉक्टरांनी बंदी घातल्याला बरेच दिवस झालेत आणि या यंत्रात त्यांना आशेचा किरण दिसत होता.

"म्हणजे यात केलेला समोसा मला चालेल?"

"ह्यांचं पाय!" काकू.

मी सांगितलं ते असं. तेलाच्या एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, मैद्या-बटाट्यातल्या पिष्टाच्या एका ग्रॅममागे ४. एक मोठा चमचा तेल वाचलं की १२० च्या आसपास वाचतात. हा फायदा खरा आहे. पण समोशातला मैदा आणि बटाटा तिथेच राहतो. डब्यात घातल्यानं त्याची भाकरी होत नाही. ज्यांची साखर वाढलेली आहे, त्यांच्या रक्ताला समोसा कुठे भाजला याच्याशी काही देणंघेणं नाही.

"म्हणजे एक चालेल," काका म्हणाले.

"आणखी एक ऐका. बटाटा जास्त लाल करू नका. पिष्टाचे पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे तापले की ॲक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते खाण्यात दाखवून दिलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते घातक ठरलंय. एअर फ्रायरमध्ये ते होत नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उपाय सोपे आहेत. काप अर्धा तास पाण्यात ठेवा, पुसा, सोनेरी झाले की काढा. आणि कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवू नका. गारठ्यात त्यांच्यातली साखर वाढते आणि मग ते लवकर काळवंडतात."

"फ्रीजमध्ये कोण ठेवते बटाटे?" काकूंनी विचारलं, आणि काकांनी घराकडे बघितलं. तो विषय तिथेच थांबला.

तेलाचा विषय मात्र थांबेना. काकूंच्या मते घरचं तळण परवडलं, बाहेरचं नको, कारण बाहेर तेल कितव्यांदा उकळतंय ते देवाला ठाऊक. यात तथ्य आहे. वारंवार तापवलेल्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स' वाढत जातात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असं जुनं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची 'रुको' नावाची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करा, असं आवाहन केलं होतं. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त वाटा बाहेरून येतो, हे लक्षात घेतलं तर त्यात तब्येतीइतकाच तिजोरीचाही प्रश्न आहे.

"आणि तळणातलं उरलेलं तेल?" मी विचारलं. "चकल्यांनंतर कढईत अर्धा लिटर उरतं. ते कुठे जातं आपल्याकडे?"

"भाजीत," काकू प्रामाणिकपणे म्हणाल्या. "संपेपर्यंत भाजीत."

त्या डब्यात उरायला काही तेलच नसतं. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच कुणी सांगत नाही.

"मागल्या आठवड्यात वरच्या माळ्यावरून धूर आला होता, ते काय होतं मग?" काकूंना एकदम आठवलं. "त्या भाडेकरू पोरांकडून. मी त बादली घेऊन निघाले होते."

"चिकनच्या तंगड्या होत्या. त्यांच्याकडेही आहे एअर फ्रायर. चरबी वितळून खालच्या भांड्यात पडते आणि तिथल्या धगीनं तिचा पांढरा धूर होतो. खालच्या भांड्यात थोडं पाणी घातलं की धूर होत नाही. मसाला लावलेल्या तंगड्या १८० वर वीस-पंचवीस मिनिटांत होतात, मात्र हाडापाशी ७४ अंश भरले पाहिजेत. रंग बघून काढल्या तर आत कच्च्या असतात."

"पोरं जगतात कशी, मले त हेच कोडं आहे."

"आणि काळा धूर आला, तर ते मात्र जळणं आहे. तेव्हा लगेच बटण बंद करून प्लग काढायचा. बरेचदा कारण असतं कागद. बेकिंगचा कागद रिकाम्या डब्यात घालून कुणी तापवायला ठेवलं की तो उडतो आणि कॉइलवर जाऊन पेटतो. वर पदार्थाचं वजन असेल तरच कागद घालायचा. आणि सगळी जाळी ॲल्युमिनियमच्या फॉइलनं झाकायची नाही. हवा जायला वाट ठेवली नाही तर मग उरलं काय?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. हे क्वचित घडतं, म्हणून नमूद करते. मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न टाकला.

"आमच्या घरी नातवंडं धरून आठ माणसं. त्या डब्यात मावते किती?"

चार लिटरचा डबा म्हणजे तीन-चार माणसांचं काम. लिटर ऐकून फसू नये. या यंत्रात खोली कामाची नसते, तळाचा पसारा कामाचा असतो, कारण पदार्थ एकाच थरात मांडावा लागतो. एकावर एक रचला की मधल्यांना वाराच लागत नाही. आठ माणसांच्या वड्या म्हणजे तीन घाणे, आणि तिसरा घाणा निघेपर्यंत पहिल्या घाण्याचे लोक हात धुऊन मोकळे. तिथे कढई किंवा मोठा ओव्हनच बरा.

"आणि घासायचं?"

"गरम पाण्यात साबण घालून भिजत ठेवायचं, मऊ स्पंजनं पुसायचं. तारेचा गोळा नको, स्टीलचा चिमटा नको. डब्याला बहुधा नॉनस्टिकचा लेप असतो. तो २६० अंशांच्या वर बिघडायला लागतो, आणि हे यंत्र २०० च्या आसपास थांबतं, म्हणून नीट वापरला तर भीती नाही. पण खरवडला की संपला. पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंच्या मोलकरणीनं राखेनं घासला, आता त्या वड्यांतून काळे कण वेचत बसतात. डब्यातून फवारायचं तयार तेल मिळतं, तेही नको; त्यात लेसिथिन असतं, त्याची चिकट पुटं चढतात आणि काही केल्या निघत नाहीत. आपलं वाटीत तेल आणि ब्रश."

"डिजिटल घ्या की फिरवायच्या बटणाचा?" हे काका.

"काकूंसाठी फिरवायचा. दोन बटणं, एक अंशांचं, एक मिनिटांचं. 'फिश', 'केक', 'पिझ्झा' अशी आठ चित्रं असलेल्या यंत्रात आपल्या रोडग्याचं चित्र कुठेच नसतं. आतून ती चित्रंसुद्धा अंश आणि मिनिटंच असतात."

काकूंनी पदर सोडला. म्हणजे निर्णय झाला. "त्या पोरीले उद्या बोलावतो मी सांबारवड्या कराले. सारण माझं, डबा तिचा. सासूबाईंलेही बोलावू. चाळणी म्हणाल्या ना, आता खाऊन सांगू दे म्हणा काय ते."

"आणि एक समोसा," काका म्हणाले.

आता वाचकहो, तुमच्या गल्लीतही असं खोकं उतरलं असेल किंवा उतरायच्या बेतात असेल, म्हणून सरळच सांगते. ऑर्डर देण्याआधी गेल्या महिन्यात घरात काय काय तळलं, भाजलं, शेकलं, ते एका कागदावर लिहून काढा. यादीत भजी, वडे, पुऱ्या, कुरडया जास्त असतील तर पैसे वाचवा आणि तेल चांगलं आणा. वड्या, रोडगे, भरताची वांगी, शेंगदाणे, पनीर, टिक्क्या, आदल्या दिवशीचा शिळा समोसा पुन्हा कुरकुरीत करणं, असं काही जास्त असेल आणि घरात माणसं तीन-चार असतील, तर जरूर घ्या. पॉवर पॉइंट आहे का तेवढं आधी बघा. आणि घेतल्यावर पहिल्या दिवशी, सासूबाई समोर बसलेल्या असताना, भजी करू नका.